भरतीच्या वेळी तुटणारी लाइन

रविवार, १५ नोव्हेंबर १९९८. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या डोंबिवलीच्या घरातल्या मोडेमने नेहमीप्रमाणे शिट्ट्या, खरखर आणि किणकिणाट करून बाहेरच्या जगाशी बोलणी सुरू केली, आणि त्या गोंगाटातून कोणीतरी अगदी स्पष्ट म्हणाले, “हॅलो?”

मोडेम हॅलो म्हणत नाही. त्याच्या माहितीपुस्तिकेत तसे कोठे लिहिलेले नव्हते, तरी याविषयी माझी खात्री होती. पडद्यावर १४,४०० हा वेगाचा आकडा उमटला, थोडा वेळ टिकला आणि जोडणी तुटली. मोडेमच्या खोक्यावर ३३,६०० छापलेले होते.

“बाबा, फोनमध्ये कोणीतरी बोललं.”

बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतले नाही. “क्रॉस कनेक्शन असेल. आपल्याकडे होतंच.”

“आणि वेग निम्म्याहून कमी येतोय.”

“खाडीची खारी हवा,” वर्तमानपत्र म्हणाले. “तांब्याला लागते.”

त्या वर्षी जूनमध्ये मी पुण्याचे वसतिगृह सोडून घरी परतले होते. सहा वर्षांत भौतिकशास्त्राच्या पदव्या आणि एका संशोधन प्रकल्पाचा अनुभव एवढे पदरात पाडून घेतले होते आणि आता ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात दाबमापके तपासण्याची नोकरी करीत होते. दाबमापके तपासणे हे प्रामाणिक काम आहे. परंतु आयुष्यभर तपासत बसावे इतके ते मनोवेधक नाही. म्हणून मी जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेकडे अर्ज केला. तेथे जमिनीच्या सूक्ष्म कंपनांचा अभ्यास चाले, आणि कंपनांच्या नोंदींतला गोंगाट बाजूला काढून खरा संकेत ओळखणारी व्यक्ती त्यांना हवी होती. या कामात मी स्वतःला वाकबगार समजत असे.

तेथील प्राध्यापकांचे उत्तर आले ते उत्साहवर्धक होते आणि धोकादायकही. पहिले सहा महिने काम घरूनच करायचे. तिकडची जागा त्यानंतर. दर रविवारी, आपल्याकडे सकाळचे दहा ते अकरा वाजलेले असताना, म्हणजे त्यांच्याकडे पहाटे, यंत्र रिकामे असताना, ते नोंदींची फाइल ठेवणार. ती मी उतरवून घ्यायची. पहिली चाचणी २९ नोव्हेंबरला. फाइल त्या तासाभरात अखंड उतरली आणि तिचा निकाल संध्याकाळपर्यंत त्यांना मिळाला, तर जागा माझी. नाहीतर यादीत माझ्या मागे उभ्या असलेल्या उमेदवाराची. शेवटी एक साधा प्रश्न होता : आपल्या घरच्या पत्त्यावर कोणकोणत्या प्रकारची जोडणी उपलब्ध आहे, आणि तिचा वेग किती?

हवापाणी विचारावे तितक्या सहजपणे त्यांनी ते विचारले होते. मी मात्र उत्तर शोधण्यासाठी दोन आठवडे डोंबिवली आणि ठाणे पालथे घातले.

सुरुवात टेलिफोन कार्यालयापासून केली. घरातल्या जुन्या लाइनमध्ये दोष असेल तर त्याच पत्त्यावर दुसरी घ्यावी, असा माझा सरळ हिशोब होता.

“पेअर शिल्लक नाही,” खिडकीमागचे गृहस्थ म्हणाले. पेअर म्हणजे खांबावरच्या डब्यापासून घरापर्यंत येणारी तांब्याची जोडतार.

“कधी मिळेल?”

“नवी केबल पडली की.”

“ती कधी पडेल?”

“रस्ता खोदायची परवानगी आली की.”

“ती कधी येईल?”

त्यांनी प्रथमच मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि इमारतीचे नाव पुन्हा विचारले. मग काहीतरी चाळले. “तुमच्या आजूबाजूच्या बिल्डिंगांचे गठ्ठे पडलेत अर्जांचे. तुमच्या बिल्डिंगमधून दुसरा एकही अर्ज नाही हो. सगळ्या घरांत मिळून एक फोन, आणि कोणाची तक्रार नाही. एवढे समाधानी कसे तुम्ही लोक?”

“साधी माणसं आहेत,” मी अभिमानाने म्हणाले.

केबलवाल्याचे दुकान नाक्यावर होते. गच्चीवरून गच्चीवर तारा टाकून तो साऱ्या वस्तीला सिनेमे पुरवीत असे. “मॅडम, टेन्शन घेऊ नका. पुढच्या दिवाळीला केबलमधूनच इंटरनेट देतो.”

“वेग किती असेल?”

“फास्ट.”

“म्हणजे किती?”

“एकदम फास्ट.”

“आकडा सांगा ना.”

आकड्याचा विषय त्याला आवडला नाही. “तुमचं घर नाल्याच्या अलीकडे का पलीकडे?”

“पलीकडे. खाडीच्या बाजूला.”

“मग तो माझा एरियाच नाही,” तो सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाला. “पलीकडे दुसरा आहे. तो तर देणारच नाही.”

कारखान्यात एक मोडेम होता, पण तो फॅक्सच्याच लाइनवर बसत असे आणि फॅक्सवर मालकांचा जीव होता. राहिली ठाण्याची आत्या. ठाण्याचे फोन मुंबईच्या शून्य-दोन-दोनमध्ये मोडत, आमचे शून्य-दोन-पाच-एकमध्ये. खाडीवरचा एक पूल ओलांडला की माणसाची टेलिफोनी जात बदलत असे, आणि आत्याला या उच्चकुलीनतेची पूर्ण जाणीव होती. “ये की दर रविवारी,” ती म्हणाली. “दिवा स्टेशनचे लोक पाण्यासाठी कळशा घेऊन फिरतात, तू तुझा तो डबा घेऊन ये. इंटरनेट भरून घेऊन जा.” डबा म्हणजे माझा संगणक, तो उचलायला दोन माणसे लागत. शिवाय प्राध्यापकांनी विचारले होते ते माझ्या पत्त्याविषयी. आत्याच्या नव्हे.

तेव्हा जे काही होते ते हेच : बाबांनी वर्षानुवर्षे वाट पाहून मिळवलेली, मी पुण्यात असताना घरात आलेली ती एक काळी तार. तिच्यातला दोष शोधून काढणे एवढाच मार्ग उरला होता, आणि दोष शोधणे हे तर माझे शिक्षण.

रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर मी जोडणी करून ती तुटेपर्यंत थांबू लागले. पहिल्या आठवड्यात ती बऱ्यापैकी टिकली; वेग तोच रडका, पण टिकली. दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी साडेसहाच्या सुमारास तुटली. बुधवारी सव्वासातला. गुरुवारी आठला. मध्ये काही किरकोळ तुटी होत्या, त्यांना कसलाही नियम दिसेना, म्हणून गोंगाट समजून त्या मी बाजूला काढल्या. उरलेल्या मुख्य तुटी आलेखावर मांडल्या आणि खुर्चीत ताठ बसले. रोज पाऊण तास पुढे. रोज पाऊण तास पुढे सरकणारी एकच गोष्ट आमच्या परिसरात आहे, आणि ती आमच्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर आहे.

“बाबा, तुमचं खरं निघालं.”

“काय?” बाबा दचकले.

“खाडी. लाइन भरतीला तुटते. खारी हवा नाही, पाणी. जमिनीखालच्या केबलचा जोड कुठेतरी उघडा असणार. भरतीला पाणी चढलं की तो भिजतो.”

बाबांनी आलेख हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला. माझे बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. कोणाला पोचवायला स्टेशनवर गेले तर आधी प्लॅटफॉर्म तिकीट काढणारे, आणि परतताना ते फाटकावर मागितले नाही तर हिरमुसणारे. त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण भाव होता. मी तो कौतुकाचा समजले.

“खरंच भरतीला?” ते म्हणाले.

“शंकाच नाही. हे सगळं लिहून टेलिफोन ऑफिसात देणार आहे, आलेखासकट.”

“द्यायलाच हवं का?”

“म्हणजे काय! लाइनमन येईल.”

“तो सगळी तार तपासेल.”

“तपासायलाच हवी. अगदी खांबापासून घरापर्यंत.”

बाबांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता. “सोमवारी दे,” ते म्हणाले. “शनिवारी तिथे कोणी नीट वाचत नाही.”

आलेखाची रेषा पुढे ओढली तेव्हा माझा आनंद मावळला. रविवार, २९ नोव्हेंबर. भरती सकाळी दहाच्या आसपास. पंधरवड्यात भरतीची वेळ फिरून जागेवर येते. १५ तारखेला जे झाले ते नेमके चाचणीच्या तासालाच पुन्हा होणार होते. जगाच्या पाठीवर माझ्या उमेदवारीला विरोध करणारा चंद्र तेवढा उरला होता.

वेळ पक्की करून घ्यावी म्हणून शनिवारी दुपारी मी तळमजल्यावर गेले. तेथे कोळी मावशी राहत. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती मूळची त्यांच्या सासऱ्यांची. तिच्या बदल्यात त्यांना तळमजल्याचे घर मिळालेले. मावशींचे यजमान खाडीत होडी घालत आणि भरतीबरोबर परत येत; मावशी मासळी विकत. दर रविवारी आमच्या घरी पानात पडणारा ताजा वाटा त्यांच्याकडूनच येई. तो आपल्याला इतक्या प्रेमाने का मिळतो, याचा मी कधी विचार केला नव्हता.

“ये गो, बस,” मावशी म्हणाल्या. “चिंबोऱ्या पायजेत?”

“नको. मावशी, उद्या भरती किती वाजता?”

“धाचे सुमाराला. होडी तवाच लागल बंदराला. कशाला? पोहाया जातेस?”

मी हसणार तोच कोपऱ्यात घंटा वाजली. एकदा वाजून थांबली. पुन्हा वाजू लागली. आणि अगदी त्याच क्षणी वर, आमच्या खिडकीतून, आमचा फोन वाजल्याचा आवाज खाली आला. दोन घंटांमध्ये कालांतर शून्य होते.

मावशींनी तराजूशेजारचे फडके बाजूला केले. खाली टेलिफोन होता. त्यांनी तो उचलला, आणि वर आमचा फोन गप्प झाला.

“हां, बोला शेठ. नाय, पापलेट नाय. उद्या जिताडा हाय बगा. होडी आली क फोन करतंय मी. साडेधापरेंत थांबा, मंग जावा बाजारान.” त्यांनी फोन ठेवला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. “काय झाला गो?”

“मावशी, हा फोन कोणाचा?”

“कोनाचा म्हंजे? तुमचाच! तुजे बाबानी दिलाय, तीन वर्सं झाली.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “आनी बरी आलीस. तुमचे फोनान हल्ली भूत शिरलाय काय? होडी आली क गिऱ्हाइकाला कळवाया मी उचलतंय, त शिट्टी मारतंय. मी आपली हॅलो हॅलो करतंय, तो चिरकतंय. मंग मी ठेवून पुन्ना उचलतंय.”

भरतीला होडी येते. होडी आली की मावशी फोन उचलतात. मावशींनी फोन उचलला की माझी जोडणी तुटते. आलेख अचूक होता. रेषेवर एकही बिंदू चुकीचा नव्हता. फक्त समुद्र आणि तार यांच्यामध्ये मी जेथे खारे पाणी घातले होते, तेथे मावशी बसलेल्या होत्या.

मी वर आले तेव्हा बाबांना माझ्या पावलांवरूनच सारे समजले असावे. वर्तमानपत्र आधीच उघडलेले होते.

“बाबा.”

“तात्पुरतं आहे ते.”

“किती वर्षांचं?”

“तीन,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “आणि शेजारचं चार.”

“शेजारचं?”

मग हळूहळू सगळे बाहेर आले. शेजारच्या काकांच्या छातीत दुखले तेव्हा काकूंना आमचे दार ठोठावून फोन करावा लागला. पुन्हा तशी वेळ येऊ नये म्हणून बाबांनी आमच्याच लाइनवरून एक तार काढून त्यांच्याकडे दुसरे यंत्र बसवून दिले. तार गॅलरीतूनच गेली होती. तेथून खाली मावशींची खिडकी दोन हातांवर. मावशींची जुनी गिऱ्हाइके ठाण्याला राहायला गेली होती आणि मासळी आल्याचा निरोप त्यांना मिळत नव्हता. परवानगीशिवाय असे जोडणे नियमबाह्य आहे, हे बाबांना नियमाच्या क्रमांकासह ठाऊक होते. त्यामुळेच ते चार वर्षे कोणाला बोलले नव्हते.

“आणि फोन कोणाचा आलाय ते कसं कळतं तुम्हाला?”

“सलग वाजला की आपला,” आई म्हणाली. “एकदा वाजून थांबला, मग वाजला, की खालचा. दोनदा वाजून थांबला की काकूंचा. सगळ्यांच्या नातेवाइकांना सांगून ठेवलंय.”

गेले पाच महिने मी पाहत होते : फोन वाजे, मी उठू लागे, आणि आई फोडणीवरून नजर न हलवता म्हणे, “राहू दे, आपला नाही.” मी ते मातेच्या अंतःप्रेरणेचे लक्षण समजत होते. आणि टेलिफोन कार्यालयात ‘साधी माणसं’ म्हणून आले होते.

“मला पत्रात तरी कळवायचं.”

“परीक्षेच्या दिवसांत हे कळवायचं होय? आणि काय लिहिणार, तुझे बाबा चोरून तारा टाकतायत?”

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “उद्या सकाळी सगळ्या तारा कापतो,” ते म्हणाले. आवाज करारी होता, पण नजर गॅलरीकडे होती. “तुझ्या भविष्याचा प्रश्न आहे.”

“कापू नका. काकांना काही झालं तर? फक्त तासभर कोणी फोन उचलायचा नाही. दहा ते अकरा. सांगून येते सगळ्यांना.”

“सांगून भागणार नाही,” आई म्हणाली. “काकूंना हात आवरत नाही.”

हे मला काकूंनीच दारात सिद्ध करून दाखवले. “अगं, मध्ये मध्ये मीच उचलून बघते,” त्या निरागसपणे म्हणाल्या. “मुलीचा फोन यायचा असला की वाटतं, लाइन मेली तर नाही ना? कानाला लावते, आवाज आला की ठेवते. तुला काही त्रास नाही ना होत?”

ज्या बिंदूंना नियम नाही म्हणून मी आलेखातून काढून टाकले होते, ते माझ्यासमोर हातात पळी घेऊन उभे होते.

तोडगा आईने काढला. तारा राहू द्यायच्या, यंत्रे मात्र सोडवून आमच्याकडे आणायची. यंत्रच घरात नसेल तर उचलणार काय? आणि यंत्राला एकटे कोण पाठवणार, तेव्हा माणसेही आली. रविवारी पावणेदहाला काकू आल्या, फोनला विणलेल्या जाळीच्या आवरणासकट, मांडीवर लेकरू घ्यावे तशा बसल्या. मावशी आल्या, त्यांचे यंत्र मासळीच्या प्लास्टिकच्या पिशवीत. मग दार पुन्हा वाजले आणि वरच्या मजल्यावरची नवी सून एक लालचुटूक टेलिफोन घेऊन आत आली.

बाबा उभेच राहिले. “हा कुठला?”

“काकूंनी दिला,” ती लाजून म्हणाली. “तीनदा वाजून थांबला की माझ्या माहेरचा.”

सगळ्यांनी काकूंकडे पाहिले. काकू छताकडे पाहत होत्या. “नवीन मुलगी,” त्या म्हणाल्या. “करमत नव्हतं तिला.”

बाबांनी दोन दिले होते. इमारतीत तीन निघाले. त्यांच्या अवैध कृत्यात कोणीतरी परस्पर भर घातली, याचे त्यांना खरेखुरे दुःख झाले. ते खुर्ची ओढून भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीपाशी पहारा देत बसले. आईने शिरा केला होता. दिवाणावर तीन टेलिफोन आणि त्यांच्या तीन मालकिणी अशा थाटात बसल्या होत्या की, आता मुलगी चहा घेऊन बाहेर येईल असे वाटावे.

दहाला मी नंबर फिरवला. शिट्टी, खरखर, किणकिणाट.

“हाच तो!” मावशी ओरडल्या. “हेच ता भूत!”

“श्शू,” बाबा म्हणाले, जणू मोडेमला ऐकू गेले असते.

पडद्यावर आकडा आला : ३१,२००. लाइनवर लटकलेली तीन यंत्रे सुटल्याने वेग दुपटीवर गेला होता; या घरात तो आकडा यापूर्वी कोणी पाहिला नव्हता. मी फाइल मागवली आणि भरत जाणाऱ्या निळ्या पट्टीवर डोळे लावून बसले. माझ्या आयुष्यातले पुढचे सगळे काही त्या पट्टीत होते, आणि ती उन्हाळ्यातल्या नळासारखी भरत होती.

पाव पट्टी भरली असेल-नसेल, इतक्यात खालून मावशींच्या यजमानांची हाक आली. “आलाय गो! मोटा हाय! जिताडा!”

मावशी अर्धवट उठल्या. मांडीवरच्या फोनकडे त्यांनी पाहिले, मग माझ्याकडे. ठाण्याचे शेठ साडेदहापर्यंत थांबणार होते. नंतर ते बाजारात जातील आणि एवढा मोठा मासा दुपारपर्यंत पडून राहील, हे त्यांनी बोलून दाखवले नाही. पण त्यांनी घड्याळाकडे ज्या तऱ्हेने पाहिले, ती तऱ्हा मला ओळखीची होती. गेले दोन आठवडे मीही घड्याळाकडे तशीच पाहत होते.

“किती रायला गो तुजा?”

“पाऊण भाग. मावशी, थांबवू का? तुम्ही फोन करा.” हे मी बोलले खरे. माझा हात माऊसवरून हलला नाही, हेही खरे.

“थांबवतेस कशाला? इतकी मानसा बसलीत ती काय देवाचे दर्शनाला?” मावशी गॅलरीत गेल्या आणि खाली ओरडल्या, “वर आना त्याला!”

आणि मासा वर आला. जवळजवळ हाताएवढा लांब, चकचकीत, थेंब गाळत, आमच्या बैठकीत. बंदरावर असतो तसा मावशींनी तेथेच लिलाव पुकारला. काकूंनी सुरुवात केली, सुनेने सासूला विचारायला जिन्यावर धाव घेतली आणि परत येऊन चढी बोली केली. काकू म्हणाल्या, “अगं, माझ्याच फोनवर बोलतेस आणि माझ्यावरच बोली चढवतेस?” सून म्हणाली, “फोन हिच्या बाबांचा आहे, काकू.” हे ऐकून बाबांनी, बहुधा प्रायश्चित्त म्हणून, माशाच्या डोक्याचा अर्धा भाग स्वतःसाठी मागितला. “नियमाने घ्या,” मावशी म्हणाल्या, “रांगेन.” हसण्याच्या त्या गदारोळात मी एकटी पाठ करून बसले होते, आणि जिताडा जेव्हा तीन घरांत वाटला गेला तेव्हाच केव्हातरी पट्टी शेवटपर्यंत भरली.

फाइल अखंड होती. मी ती दोनदा तपासली. मग वळून म्हणाले, “आली.”

“कोन आली?” मावशींनी विचारले.

“फाइल.”

“मंग खा शिरा.”

दुपारी मी गोंगाट वेगळा काढला. या वेळी नियमात न बसणारा एकही बिंदू न टाकता, प्रत्येकामागे कोण उभे असेल याचा विचार करीत. संध्याकाळी, यंत्रे आपापल्या घरी परतल्यावर, १४,४०० वेगाने निकाल पाठवला. तो लहान होता, गेला. सोबत प्राध्यापकांच्या प्रश्नाचे उत्तरही दिले. जोडणीचा प्रकार : टेलिफोन, दुसरा पर्याय नाही. वेग : रविवारी दहा ते अकरा, ३१,२००. शेरा : इतर दिवशी भरतीच्या सुमारास खंडित होते.

डिसेंबरमध्ये जागा मिळाल्याचे कळले. निकाल काटेकोर आहे, असे प्राध्यापकांनी लिहिले होते. मात्र शेऱ्याविषयी त्यांच्या विभागातल्या समुद्राच्या अभ्यासकाला फार कुतूहल वाटत असून, यामागची यंत्रणा मी सविस्तर कळवावी, अशी विनंती होती. ती मी आजवर पूर्ण केलेली नाही.

सहा महिने दर रविवारी आमच्या बैठकीत टेलिफोन जमत राहिले. मावशी शनिवारीच शेठना बजावून ठेवू लागल्या. ज्या रविवारी होडी दहाला लागे, त्या रविवारी लिलाव आमच्याकडेच होई. काकूंनी तेवढ्या काळात एक स्वेटर पुरा केला. बाबांनी माझा भरतीचा अहवाल कधी कार्यालयात जाऊ दिला नाही, पण मी मात्र एके दिवशी त्याच खिडकीवर जाऊन आमच्या इमारतीचे तीन अर्ज भरून दिले. “काय हो,” ते गृहस्थ म्हणाले, “असमाधान कधीपासून?”

एप्रिलमध्ये रस्ता खोदला गेला. केबल पडली. मे महिन्यात, माझ्या निघण्याच्या आधीच्या आठवड्यात, खाली, शेजारी आणि वर अशा तिन्ही घरांत स्वतःचे टेलिफोन वाजू लागले. बाबांनी गॅलरीतून गेलेली तार स्वतःच्या हाताने काढून गुंडाळली आणि ती टाकून न देता माळ्यावर ठेवली. “तात्पुरती होती,” ते म्हणाले.

शेवटच्या रविवारी आईने सवयीने सगळ्यांपुरता शिरा केला. पावणेदहा झाले, दहा झाले. दार वाजले नाही. कोणाला येण्याचे आता कारण नव्हते. खाली मावशींचा फोन सलग वाजला, आणि मी उगीचच उठू लागले. “राहू दे,” आई म्हणाली, “आपला नाही.”

रिकाम्या दिवाणाकडे पाठ करून मी नंबर फिरवला. शिट्टी, खरखर, किणकिणाट. त्यात कोणी हॅलो म्हटले नाही. पडद्यावर उमटलेला आकडा मी तारखेसमोर लिहून ठेवला.

३३,६००.